एनिथ ब्रिगिता : कांस्यपदकामागची गोष्ट

जुलै १९७६. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ऑलिंपिक भरले होते. महिलांच्या शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची अंतिम शर्यत झाली. पूर्व जर्मनीची कॉर्नेलिया एंडर ५५.६५ सेकंदांत पहिली आली आणि तिने जागतिक विक्रम केला. तिच्याच देशाची पेट्रा प्रीमर ५६.४९ सेकंदांत दुसरी आली. तिसरी आली नेदरलँड्सकडून पोहणारी एनिथ ब्रिगिता. तिची वेळ ५६.६५ सेकंद. पहिलीपासून बरोबर एक सेकंद मागे.

एनिथ कृष्णवर्णीय होती. ऑलिंपिकच्या इतिहासात पोहण्यात पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच स्पर्धेत दोनशे मीटर फ्रीस्टाइलमध्येही तिने कांस्यपदक मिळवले. एवढे मोठे काम केलेल्या या बाईचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. आरोग्याच्या पानावर आम्ही तिची गोष्ट सांगतो आहोत, कारण तिच्या पुढे गेलेल्या त्या एका सेकंदात काय भरलेले होते, हे जगाला पंधरा वर्षांनी कळले. ते आपल्या वस्तीतल्या प्रत्येक तरुण मुलामुलीला कळायला हवे.

बेटावरून आलेली मुलगी

एनिथचा जन्म १५ एप्रिल १९५५ रोजी क्युरासाओ बेटावर झाला. हे बेट दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, कॅरिबियन समुद्रात आहे. डच व्यापाऱ्यांनी हे बेट ताब्यात घेतले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीचे ते मोठे ठाणे बनवले. १७९५ साली तुला नावाच्या एका गुलामाने तिथे मोठा उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि तुलाला हाल करून मारण्यात आले. डचांनी आपल्या या वसाहतींमधील गुलामगिरी १८६३ साली कायद्याने बंद केली. एनिथ ही त्याच बेटावरची लेक.

१९७० च्या सुमारास, पंधराएक वर्षांची असताना ती नेदरलँड्सला आली. समुद्राच्या काठची मुलगी थंड देशात, बंदिस्त तलावात सराव करू लागली. दोनच वर्षांत, १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये ती नेदरलँड्सकडून उतरली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

पोटावरचे आणि पाठीवरचे पोहणे

एनिथ दोन प्रकारांत तरबेज होती, फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक. हे दोन्ही प्रकार थोडे समजून घेऊ, कारण पुढे आपल्याला त्यांचे काम आहे.

फ्रीस्टाइल म्हणजे पोटावर पालथे होऊन, एकामागून एक हात डोक्यावरून पुढे टाकत, पायांनी पाणी मारत जाणे. यात तोंड पाण्यात असते. हाताच्या फेऱ्यांमध्ये मान एका बाजूला वळवून झटकन श्वास घ्यावा लागतो आणि तो पाण्यात सोडावा लागतो. श्वासाचा ताल चुकला की दम लागतो. म्हणून या प्रकारात छाती आणि फुप्फुसे फार कामाला लागतात.

बॅकस्ट्रोक म्हणजे उताणे पोहणे. तोंड पाण्याबाहेर, आकाशाकडे. श्वास मोकळा राहतो, पण पुढचे दिसत नाही. म्हणून तलावावर भिंतीच्या अलीकडे पताका बांधलेल्या असतात. पताका दिसल्या की खेळाडू हात मोजतो आणि भिंत कधी येणार ते ओळखतो. इतर शर्यतींची सुरुवात ओट्यावरून उडी मारून होते. बॅकस्ट्रोकची सुरुवात मात्र पाण्यातच, भिंतीला धरून होते.

दोन्ही प्रकारांत खांदे, पाठ, पोट आणि मांड्या एकाच वेळी राबतात, पण गुडघ्यांवर आणि घोट्यांवर शरीराचा भार येत नाही. तो भार पाणी उचलते. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आणि वजन वाढलेल्या माणसांनाही डॉक्टर पोहणे सुचवतात.

पदकांची वाट

१९७३ साली युगोस्लाव्हियातील बेलग्रेडला पोहण्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे एनिथने दोनशे मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य आणि शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या वर्षी नेदरलँड्सने तिला वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवले. १९७५ साली कोलंबियातील काली येथे दुसरी जागतिक स्पर्धा झाली. तिथे शंभर आणि दोनशे मीटर फ्रीस्टाइल, दोन्हीत तिला कांस्य मिळाले.

या काळात महिलांच्या पोहण्यात एक विचित्र गोष्ट घडत होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्ण मिळाले नव्हते. चारच वर्षांनी मॉन्ट्रियलमध्ये महिलांच्या तेरा शर्यती झाल्या आणि त्यांतल्या अकरा त्यांनी जिंकल्या. त्या मुलींचे खांदे रुंद झाले होते, आवाज घोगरे झाले होते. अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ हिने याबद्दल उघड शंका घेतली. दोनशे मीटरच्या शर्यतीत एंडर पहिली, बाबाशॉफ दुसरी आणि एनिथ तिसरी आली होती. वर्तमानपत्रांनी शर्लीची शंका तपासली नाही. हरल्यामुळे जळफळाट करणारी पोरगी म्हणून तिचीच टवाळी केली.

निळ्या गोळ्यांचे गुपित

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीचे राज्य संपले. मग तिथले लपवलेले कागद बाहेर येऊ लागले. वेर्नर फ्रांके हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, माजी खेळाडू ब्रिगिट बेरेंडोंक यांनी लष्करी वैद्यकीय संस्थेतील गुप्त अहवाल मिळवले. १९९१ साली बेरेंडोंक यांनी ते पुस्तकरूपाने जगापुढे ठेवले.

त्यातून दिसले ते असे. खेळाडूंना पुरुषी संप्रेरकासारखी औषधे देण्याची सरकारी योजना १९७४ साली पक्की झाली होती. तिला 'राज्य योजना विषय १४.२५' असे कोरडे नाव होते. मुख्य औषध होते ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या गोळ्या. त्यांचा रंग निळा असे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनाही त्या दिल्या जात. मुलींना आणि आईबापांना सांगत, ही जीवनसत्त्वे आहेत, थकवा जाईल. सगळ्या खेळांत मिळून सुमारे दहा हजार खेळाडूंवर हा प्रयोग झाला असे मानले जाते. भिंत पडल्यानंतर एंडर हिनेही सांगितले की आपल्याला इंजेक्शने दिली जात होती, आणि ती कशाची हे कोणी सांगत नव्हते.

म्हणजे एनिथच्या पुढे जो एक सेकंद होता, तो नुसत्या घामाचा नव्हता. त्यात एका सरकारचा कारखाना होता, डॉक्टर होते आणि काहीच ठाऊक नसलेल्या पोरींची शरीरे होती.

एनिथची फसवणूक झाली हे खरे. पण त्या पोरींचीही झाली, हे आपण विसरू नये. रिका राइनिश ही त्यांच्यापैकी एक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या रिकाने बॅकस्ट्रोकच्या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि सांघिक शर्यतीतही सुवर्ण मिळवले. पुढे तिच्या बीजांडकोशांना सूज येऊ लागली. दुखणे इतके वाढले की ऐन उमेदीत तिला पोहणे सोडावे लागले. मोठी झाल्यावर ती स्वतः पुढे आली आणि बोलली.

२००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना खेळाडूंच्या शरीराला इजा पोहोचवण्यास मदत केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा स्थगित होती, म्हणजे तुरुंगात कोणी गेले नाही. २००२ साली जर्मन सरकारने कायदा करून पीडित खेळाडूंना भरपाई दिली. पदकांचे काय? १९९८ साली अमेरिका आणि ब्रिटनच्या ऑलिंपिक समित्यांनी जुने निकाल दुरुस्त करा अशी मागणी केली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती फेटाळली. आजही नोंदवहीत शंभर मीटरच्या शर्यतीत एनिथ तिसरीच आहे. पुढच्या दोघी वगळल्या तर सुवर्ण तिचे होते.

आपल्या वस्तीशी याचा संबंध

वाचक म्हणतील, जर्मनीची गोष्ट, पन्नास वर्षांपूर्वीची. आम्हाला काय तिचे? संबंध आहे, आणि तो घराच्या दारापर्यंत आलेला आहे. आपली मुले पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी पहाटे उठून धावतात. कोणी कबड्डी खेळतो, कोणी जिमला जातो. भरतीची तारीख जवळ आली की कोणीतरी 'सर' किंवा 'दादा' हळूच डबा, गोळी नाहीतर सुई पुढे करतो. म्हणतो, ताकदीचे आहे, सगळेच घेतात, काही होत नाही. रिकाच्या आईबापांनाही जवळपास हेच सांगितले गेले होते.

त्यात स्टिरॉइड असेल तर शरीरात काय होते ते साध्या शब्दांत सांगतो.

मुलींमध्ये पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. ओठावर, हनुवटीवर केस येतात. आवाज जाड होतो, आणि तो औषध सोडल्यावरही बहुधा पूर्ववत होत नाही. पुढे मूल राहण्यात अडचण येऊ शकते.

मुलांमध्ये शरीर स्वतःचे पुरुषी संप्रेरक बनवणे कमी करते. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात, छाती स्त्रीसारखी वाढू शकते.

दोघांमध्येही यकृत बिघडते, रक्तदाब वाढतो, वाईट चरबी रक्तात वाढते, हृदयाचा स्नायू जाड होतो. तोंडावर-पाठीवर मोठे फोड येतात. राग अनावर होतो आणि औषध थांबवले की मन खचते. वाढीच्या वयात घेतले तर हाडांची टोके लवकर मिटतात आणि उंची खुंटते. सुई एकमेकांत वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

म्हणून घरच्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. मूल काही डबा आणत असेल तर त्यावर कंपनीचे नाव, घटक, तारीख आहे का ते वाचावे. चिठ्ठी नसलेली सुई घेऊ देऊ नये. दोन-तीन महिन्यांत अंग एकदम फुगले, चेहऱ्यावर फोड आले, स्वभाव चिडका झाला, तर रागावण्याआधी जवळ बसवून विचारावे. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरे खरे सांगावे. आधीपासून चालू असलेले औषध आपल्या मनाने एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावे.

डॉक्टरांनी दमा, संधिवात अशा आजारांत लिहून दिलेले स्टिरॉइड हे वेगळे औषध असते. जिममधले नाव ऐकून घाबरून दम्याचा पंप बंद करू नका.

आणि ताकद? ती डाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी, सुकट-बोंबील, पालेभाजी यांतून येते. पुरेशा झोपेतून येते. रोजच्या सरावातून येते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. महागड्या डब्याच्या पैशात महिनाभर घरातल्या सगळ्यांना अंडी मिळतील, हा हिशेब एकदा करून बघा.

हाडांची खोटी गोष्ट

एनिथला दुसऱ्याही एका खोट्याशी झुंजावे लागले. काळ्या माणसांची हाडे जड, त्यांना पाण्यावर तरंगता येत नाही, असे शिकलेले लोकही बोलत. एनिथने पदके मिळवल्यानंतर अकरा वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेच्या एका मोठ्या बेसबॉल संघाचे पदाधिकारी अल कॅम्पॅनिस दूरचित्रवाणीवर हेच म्हणाले. काळी माणसे चांगली पोहत नाहीत, कारण त्यांच्यात तरंगण्याचा गुणच नाही, असा त्यांचा दावा. त्यांना नोकरी सोडावी लागली.

शास्त्र काय सांगते? फुप्फुसांत हवा किती, अंगात चरबी किती, स्नायू किती, यावर माणूस कसा तरंगतो ते ठरते. हे माणसागणिक बदलते. सडपातळ गोरा बुडू शकतो आणि धिप्पाड काळा तरंगू शकतो. खरे कारण तलावाच्या फाटकाशी होते. अमेरिकेत कित्येक तलावांत काळ्यांना प्रवेशच नव्हता. १९६४ साली फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन गावी एका मोटेलच्या तलावात काळे आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले, तेव्हा मालकाने त्यांच्या आजूबाजूच्या पाण्यात आम्ल ओतले. पाण्याला हात लावू न देणे म्हणजे काय, हे महाडचे तळे ठाऊक असलेल्या वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाण्यात उतरू दिले नाही, त्यांची मुले पोहायला कोणाकडून शिकणार? आणि मग म्हणायचे, यांची हाडेच जड.

१९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये सुरिनामच्या अँथनी नेस्टीने शंभर मीटर बटरफ्लाय शर्यत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली आणि पोहण्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला. सुरिनाम हीसुद्धा एके काळची डच वसाहत. २०१६ साली रिओमध्ये अमेरिकेच्या सिमोन मॅन्युएलने कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकबरोबर ५२.७० सेकंदांची बरोबरी साधून शंभर मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण मिळवले. एनिथ ज्या शर्यतीत तिसरी ठरली, तीच ही शर्यत. मध्ये चाळीस वर्षे गेली होती.

उताणे तरंगता येते का?

पदक लांबची गोष्ट. पोहायला येणे ही जिवाची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत लहान मुले फार. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शाळा सुटली की मुले नदीवर, विहिरीवर, बंद पडलेल्या खदानीत उतरतात. खदानीचा काठ उभा असतो, पाणी अचानक खोल होते. गावाकडे पूर्वी पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, वर दोर धरून विहिरीत पोहायला शिकवत. शहरात ती सोय गेली आणि महापालिकेचा तलाव बऱ्याच घरांनी आतून पाहिलेलाही नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या वर्गांची चौकशी करा. मुलींनाही पाठवा. अंगभर पोहण्याचा पोशाख मिळतो, लाज हे कारण राहत नाही.

सगळ्यात आधी शिकायचे ते एनिथच्या बॅकस्ट्रोकमधले पहिले पाऊल, म्हणजे उताणे तरंगणे. पाण्यात पडल्यावर माणूस घाबरतो, हातपाय झाडतो, उभा राहायला बघतो आणि दमून बुडतो. त्याऐवजी डोके मागे टाकावे, कान पाण्यात जाऊ द्यावेत, छाती वर, हात पसरून हलके हलवत राहावे. तोंड वर राहते, श्वास चालतो, मदत येईपर्यंत वेळ मिळतो. हे उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकावे.

दुसरा कोणी बुडताना दिसला तर पोहता येत नसताना उडी मारू नका. एकाला वाचवायला जाऊन दुसरा जातो. ओरडून माणसे गोळा करा. दोर, साडी, बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाका. १०८ ला फोन लावा.

बाहेर काढलेल्या माणसाला डोक्यावर धरून गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. हाक मारून तो उत्तर देत नसेल आणि श्वास नसेल, तर सपाट जमिनीवर उताणे झोपवा. ज्याला शिकवलेले आहे त्याने आधी नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबावे. दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये. श्वास सुरू झाला तरी दवाखान्यात न्यायलाच हवे. पाणी फुप्फुसांत गेलेले असते, त्रास काही तासांनी वाढू शकतो.

फेफरे येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरू नये. हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत पोहणे टाळावे. दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणेच.

एनिथ पुढे क्युरासाओला परतली आणि तिने मुलांना पोहायला शिकवले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात तिला मानाचे स्थान मिळाले. पदक मात्र बदलले नाही. ते कांस्याचेच आहे.

आमच्या वाचकांनी या उन्हाळ्यात दोन कामे करावीत. घरातल्या एका तरी मुलाला आणि एका तरी मुलीला उताणे तरंगायला शिकवावे. आणि भरतीच्या मैदानावर कोणी ताकदीची गोळी पुढे केली, तर आपल्या पोराला नाही म्हणायची ताकद आधी घरातून द्यावी.